पहिल्या सोनोग्राफीचा कागद

बाळंतपणाला माहेरी निघणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, बाकी काहीही विसरा, पण पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट पिशवीत टाका.

माझा सासरीच राहिला होता. माहेरच्या गावी सोनोग्राफी झाली तेव्हा मला 34 आठवडे पूर्ण झाले होते. रिपोर्टात मात्र 31 आठवडे, वजन सुमारे 1700 ग्रॅम, वाढ योग्य आणि प्रसूतीची तारीख तीन आठवडे पुढे. घरचे निवांत झाले. पण डॉक्टरीणबाईंनी जुना रिपोर्ट मागितला, नवऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

सुरुवातीला सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून तेव्हा डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून काढलेलं वय फार तर आठवडाभराने चुकतं. शेवटच्या तिमाहीत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. यंत्र डोक्याचा नि पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजतं आणि त्या मापाला शोभेल तो आठवडा छापतं. बाळ खरंच खुरटलेलं असेल, तर तारीख पुढे सरकवली की तेच बाळ कागदावर नॉर्मल दिसू लागतं! एकदा पक्की ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते, ती यासाठीच.

34 आठवड्यांना 1700 ग्रॅम म्हणजे दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली. नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर आणि बाळाभोवतीचं पाणी, दोन्ही सुदैवाने ठीक होतं. वाढ मात्र दोन आठवड्यांनी पुन्हा मोजली. त्याआधी मोजून हाती काही लागत नाही, कारण अंदाजी वजनात 10-15 टक्के फरक पडतोच. पोटाचा घेर फारच सावकाश वाढत होता, म्हणून 37व्या आठवड्यात प्रसूती केली. लेक 2100 ग्रॅमची झाली, पण खणखणीत रडली.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की नुसतं ‘नॉर्मल’ वाचून मिटू नका. आठवडे कोणत्या तारखेवरून धरले, हे विचारा. मागचे रिपोर्ट शेजारी ठेवून पोटाचा घेर आधीच्या गतीने वाढतोय का, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. पाचव्या महिन्यात अवयव नीट दिसले असले, तरी मूत्रपिंडाची सूज कधीकधी उशिरा दिसते, तेही विचारायला संकोचू नका. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर कालचा रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.