हे बुवा कोण?

"हे बुवा कोण गातायत रे?" बाईंनी विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

स्पूल त्यांच्याच गाण्याची होती. १९७९ साली एका घरगुती बैठकीत कुणीतरी मुद्रित केलेली आणि इतकी वर्षं त्यांच्या कपाटात साड्यांखाली पडून राहिलेली. बाईंची पट्टी काळी चार. माझ्या टेपयंत्रातून मात्र पांढरी चार येत होती आणि तीही जडावलेल्या चालीत. तबलजी जणू श्रीखंडपुरी ओरपून बसला होता.

यंत्र घरी येऊन चार दिवस झाले होते. अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबानं ते विकायला काढलं होतं. दोन माणसांनी उचलावं असं धूड. त्यावर ११७ व्होल्ट असं लिहिलेलं पाहून मी एका दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "ट्रान्सफॉर्मर लावा, झालं." ते मी ऐकलं, ही पहिली चूक. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११७ करतो, पण विजेच्या आवर्तनांना हात लावत नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. जुन्या पुष्कळ यंत्रांत टेप ओढणारी मोटर या आवर्तनांच्या तालावरच फिरते. त्यामुळे टेप सहातल्या पाच भागांच्या वेगानं सरकते, वीस मिनिटांचा ख्याल चोवीस मिनिटांचा होतो आणि सगळं गाणं खाली घसरतं. किती घसरतं, हे पेटीवर बसणाऱ्याला लगेच कळेल: सहास पाच म्हणजे षड्ज ते कोमल गंधार एवढं अंतर.

चार दिवस हे लक्षात कसं आलं नाही? कारण मी त्याच यंत्रावर मुद्रण करून त्याच यंत्रावर ऐकत होतो. चोरही तोच आणि पंचही तोच. म्हणून यंत्र घ्यायला जाल तेव्हा दुसऱ्या, नीट चालणाऱ्या यंत्रावर केलेली एखादी टेप बरोबर न्या आणि ती वाजवून पट्टी पेटीवर ताडून बघा. रेव्हॉक्स ए७७सारख्या यंत्रात मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, तिथे हा घोळ होत नाही. बाकी यंत्रांच्या बाबतीत मोटर कुठली आहे हे आधी विचारा, दिसण्यावर नंतर भाळा. वेग सुधारण्यासाठी माझ्या यंत्राची कप्पी शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिरानं लेथवर नवी करून दिली. त्यात दोन महिने गेले.

हे सगळं कशासाठी, असं बायकोनं विचारलंच. तेव्हा मी तिला ब्रूस स्प्रिंग्स्टीनची गोष्ट सांगितली. १९८२ साली त्यानं घरी, चार ट्रॅकच्या एका कॅसेट यंत्रावर गाणी मुद्रित केली, आणि बँडबरोबर स्टुडिओत केलेली त्यांची रूपं बाजूला पडून त्या घरच्या कॅसेटचाच 'नेब्रास्का' हा अल्बम झाला. असले किस्से आपल्याला चढतात. त्या कॅसेटवरून तबकडी करताना तंत्रज्ञांना किती घाम गाळावा लागला, हे मी तिला सांगितलं नाही. खरं तर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये बाईंना गायला बोलावलं. वय शहात्तर. दोन तंबोरे, पेटी, तबला आणि गौड मल्हार. साडेदहा इंची स्पूलवर अडीच हजार फूट टेप असते. सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगानं ती तेहतीस मिनिटं पुरते. सात इंची स्पूलवर बाराशे फूट, म्हणजे त्याच वेगानं जेमतेम सोळा मिनिटं. विलंबित ख्यालाला सोळा मिनिटं म्हणजे आलाप रंगात येतोय तोच टेप संपायची. म्हणून मोठ्या स्पूल शोधल्या. १९८०च्या सुमाराच्या, सीलबंद, स्वस्तात मिळालेल्या. सीलबंद म्हणजे ताज्या, असं मी धरून चाललो.

टेपवरचे चुंबकीय कण प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवून ठेवणारा एक लेप असतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही वर्षांत निघालेल्या अनेक टेपांमध्ये, विशेषतः पाठीला काळा खरखरीत थर असलेल्यांमध्ये, हा लेप हवेतली वाफ शोषून हळूहळू चिकट होतो. वर सील असलं तरी आत चाळीस वर्षं हेच चाललेलं असतं, आणि पुण्यातला ऑगस्ट म्हणजे त्याला पंचपक्वान्नांचं ताट.

बाई गात होत्या. माझ्या कानाला हेडफोन, डोळे मीटरच्या काट्यांवर. मध्येच बारीक चरचर ऐकू आली, ती मी पंख्याची समजलो. यंत्रावर दोन खटके असतात, 'सोर्स' आणि 'टेप'. सोर्सवर माइकमधून येणारा आवाज ऐकू येतो आणि टेपवर, तीन हेडची रचना असेल तर, नुकतंच मुद्रित झालेलं क्षणभर उशिरा. गाणं सुंदर चाललं होतं आणि त्या क्षणभराच्या उशिरानं माझा ताल चुकत होता, म्हणून मी सोर्सवर ठेवलं. अर्धा तास मी बाई ऐकल्या, टेप ऐकलीच नाही.

वाजवलं तेव्हा पहिली नऊ-दहा मिनिटं ठीक होती. मग आवाज ब्लँकेटखाली गेल्यासारखा झाला, मग चरचर, मग स्पूल अडली. हेडवर तपकिरी चिखल. घाबरून मी टेप जोरात मागे गुंडाळली. हे अजिबात करू नका. चिकटलेली टेप ओढली की कणांचा थरच उचलला जातो. तिथेच थांबायचं, हातानं सावकाश उतरवायची.

एका मित्राच्या इन्क्युबेटरमध्ये ती टेप ५४ अंश सेल्सिअसला आठ तास भाजली. हा उपाय खरा आहे. ओल निघून टेप काही आठवडे वाजण्याजोगी राहते, तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या तापमानाचा भरवसा नसतो, तो प्रयोग नको. आणि भाजण्याआधी स्पूल उजेडासमोर धरून बघा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर टेप जुनी, अ‍ॅसिटेटची. ती कधीही भाजायची नाही. माझी टेप भाजून वाजली, पण अकरा मिनिटांपुढे तिच्यावर काही नव्हतंच. हेडवर चिखल साचल्यावर जे उमटलंच नाही, ते भाजून कुठून येणार?

त्या अकरा मिनिटांतसुद्धा तबल्याची चाट बोथट होती. हे काट्यांवर विश्वास ठेवल्यामुळे. व्हीयू मीटरचा काटा सरासरी दाखवतो, चाटेचा टोकदार फटकारा त्याच्या गावीही नसतो. काटा शून्याच्या बराच खाली असताना टेप केव्हाच तुडुंब भरलेली असते. टेपचा आवाज उबदार असतो असं जे सांगतात, त्यांतल्या निम्म्या लोकांच्या यंत्राचं हेड वाकडं बसलेलं असावं असा माझा दाट संशय आहे. उंच सूर गेले की सगळंच उबदार लागतं.

आता मी फ्रान्समधून किंवा अमेरिकेतून येणारी नवी टेपच घेतो. महाग पडते, म्हणून थोडी घेतो. प्रत्येक बैठकीआधी हेड आणि टेपच्या वाटेतले धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो. रबरी रोलरला ते लावत नाही, रबर कडक होतं. हेडमधलं चुंबकत्व घालवायचं उपकरण यंत्रापासून हातभर लांब सुरू करतो, हेडजवळून सावकाश फिरवून तसंच लांब नेतो आणि मगच बंद करतो. एकदा हेडजवळच बंद केलं होतं, तर चुंबकत्व जाण्याऐवजी हेडमध्येच बसलं आणि पुढचा आठवडा टेपवर सापासारखा फूत्कार. कान टेपवर असतो, सोर्सवर नाही. आणि शेजारी एक छोटा डिजिटल रेकॉर्डर कायम चालू. त्याची लाज वाटायचं मी सोडून दिलं आहे.

बाईंचा गौड मल्हार पुन्हा झाला नाही. थंडीत त्यांचा आवाज बसला, तो पूर्वीसारखा उघडला नाही. १९७९ची स्पूल मात्र धडधाकट होती. ती दुरुस्त यंत्रावर लावली आणि नक्कल घेऊन त्यांच्या घरी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. पेटी ओढून काळी चार दाबून बघितली.

"पट्टी बरोबर आहे," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण त्या दिवशीच्या बुवांना घाई नव्हती हो."