पाठ ११ : बिऱ्हाड परराज्यात हलवण्याआधीचा हिशेब

मुंबई, दिल्ली, बेंगळुरू अशा शहरांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबात दर अकरा महिन्यांनी एक बोलणे होतेच. करार संपतो, घरमालक भाडे वाढवतो आणि कोणीतरी म्हणते, "एवढ्या पैशात दुसऱ्या गावी दोन खोल्या जास्त मिळाल्या असत्या." म्हणणे खरे असते. पण भाड्यातला फरक म्हणजे बचत असे धरून सामान बांधले, तर वर्षभराने पासबुकात वेगळेच दिसते. म्हणून हा हिशेब या पाठात शेवटपर्यंत करून पाहू.

उदाहरण डोंबिवलीहून वडोदऱ्याला जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे घेऊ. तुम्ही दिल्लीहून जयपूरला किंवा बेंगळुरूहून कोइमतूरला निघाला असाल, तर आकडे तुमचे घाला; पद्धत तीच.

वडोदरा निवडण्याचे कारण असे की मराठी माणसाला ते पूर्ण परके नाही. गायकवाडांची ही राजधानी. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १९०८ साली इथेच बँक ऑफ बडोदा सुरू केली. दांडिया बाजारच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आहेत. पुढे कोयलीची रिफायनरी, खत आणि रसायनांचे कारखाने आणि १९४९ साली झालेले विद्यापीठ यांमुळे देशभरातून माणसे येत राहिली. त्यामुळे शेजारी कोणी केरळचे, कोणी बिहारचे, कोणी बंगालचे असू शकते. नव्या माणसाला अशा शहरात कामाची माहिती लवकर मिळते: कोणता किराणावाला महिन्याचा हिशेब ठेवतो, कोणत्या डॉक्टरची फी बेताची आहे. ही माहितीही पैशाइतकीच मोलाची असते.

आता आकडे. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून वापरू नका.

समजा, डोंबिवलीत घरात महिन्याला ४२,००० रुपये येतात. भाडे १५,०००, रेल्वे पास आणि रिक्षा २,५००, किराणा-भाजी-दूध-वीजबिल मिळून १४,०००, शाळा ४,०००, औषधे व किरकोळ ३,०००. एकूण खर्च ३८,५००. उरतात ३,५००.

वडोदऱ्यात तशाच कामाला ३६,००० पगार मिळतो असे धरू. भाडे ८,५००, दुचाकीचे पेट्रोल २,०००, किराणा वगैरे १३,५००, शाळा ३,५००, औषधे व किरकोळ ३,०००. आणि एक नवीन खर्च, जो बहुतेक जण कागदावर लिहीतच नाहीत: गावी जाणे-येणे. लग्नकार्य, आजारपण, गणपती धरून महिन्याला १,२०० बाजूला काढावे लागतील. एकूण ३१,७००. उरतात ४,३००.

भाडे तब्बल ६,५०० रुपयांनी कमी झाले, पण बचत वाढली फक्त ८०० रुपयांनी. कारण पगार ६,००० ने उतरला.

याखाली हलण्याचा खर्च मांडा. सामानाचा टेम्पो १८,०००, शाळेचे नवे प्रवेश शुल्क, गणवेश, पुस्तके १०,०००, पडदे-नळ-वायरिंग अशी घर लावण्याची किरकोळ ४,०००, गाडीची कागदपत्रे आणि इतर ५,०००. एकूण ३७,०००. (अनामत रक्कम यात धरली नाही, कारण ती परत मिळायची असते. पण जुन्या घराची अनामत हातात येण्याआधी नव्या घराची भरावी लागते, तेवढी रोकड जवळ हवी.) महिन्याला ८०० जास्त उरत असतील, तर हे ३७,००० भरून निघायला जवळजवळ चार वर्षे लागतील.

हेच कुटुंब कंपनीच्या बदलीवर, जुन्याच पगारावर गेले असते तर? तेव्हा ४२,००० वजा ३१,७०० म्हणजे १०,३०० उरले असते. वाढ ६,८०० ची, आणि हलण्याचा खर्च सहा महिन्यांच्या आत वसूल. शहर तेच, भाडे तेच. फरक फक्त मिळकत सोबत आली की मागे राहिली, याचा. पेन्शनवर जगणाऱ्यांना हे स्थलांतर सोपे जाते, कारण त्यांची मिळकत पूर्ण सोबत येते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचे पेन्शन तर जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते.

इथे गृहिणींच्या कमाईबद्दल थांबून बोलले पाहिजे. डबे, शिवणकाम, शिकवण्या यांतून येणारे चार-पाच हजार अनेक घरांत "वरचे" म्हणून हिशेबातच धरले जात नाहीत. ही कमाई गिऱ्हाइकांच्या ओळखीवर उभी असते, आणि ओळखी टेम्पोत भरता येत नाहीत. नव्या शहरात ती पुन्हा जमायला वर्ष धरा. वरच्या उदाहरणात अशी ४,००० ची कमाई असती आणि ती थांबली, तर स्वस्त शहरात गेल्यावर बचत वाढण्याऐवजी घटली असती.

पुढचा प्रश्न कागदपत्रांचा. ढोबळ नियम असा की केंद्र सरकारच्या योजनेतले तुमच्यासोबत येते, राज्य सरकारने दिलेले बहुधा मागे राहते.

सोबत येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. पीपीएफ खाते बंद करू नका. ते दुसऱ्या शाखेत, बँकेतून पोस्टात किंवा पोस्टातून बँकेत हलवता येते आणि पंधरा वर्षांची मुदत मोडत नाही. सुकन्या समृद्धी, ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना यांनाही बदलीची सोय आहे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नोकरी बदलली तरी तोच राहतो. बँक खातेही नवे काढायची गरज नाही, पत्ता बदलून घ्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचे रेशन 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेतून देशात कुठेही मिळते. २०२२ पासून सगळी राज्ये त्यात आहेत. घरातले काही जण गावीच राहणार असतील, तर त्यांचा वाटा ते तिथे आणि तुमचा वाटा तुम्ही इथे उचलू शकता. आयुष्मान भारत कार्डही योजनेत असलेल्या दवाखान्यात परराज्यात चालते.

मागे राहणाऱ्या गोष्टींची किंमत मात्र मोठी असू शकते. महाराष्ट्रातील लाडकी बहीण योजनेचा हप्ता किंवा महिलांना मिळणारी एसटीची निम्म्या भाड्याची सवलत, ही त्या राज्याची देणी आहेत. जातीच्या दाखल्याचे त्याहून गंभीर आहे. अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गाचे कुटुंब कामासाठी दुसऱ्या राज्यात गेले, तर त्या राज्याच्या नोकऱ्या आणि प्रवेशांतले आरक्षण त्यांना आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. केंद्राच्या नोकऱ्या आणि संस्थांसाठी मूळ राज्याचा दाखला चालतो, म्हणून तो जपून ठेवा.

मुले आठवीच्या पुढे असतील तर घाई करू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. महाराष्ट्रात त्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, आणि बहुतेक राज्यांत या ना त्या स्वरूपात अशी अट आहे. दहावी एका राज्यात आणि बारावी दुसऱ्या राज्यात झाली, तर मूल दोन्हीकडे अडकू शकते. मग खासगी महाविद्यालयाची फी भरताना दहा वर्षांची भाड्याची बचत एका वर्षात जाईल. लहान मुलांचे तसे नाही. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक आहे, आणि लहान मुले ती खेळता खेळता शिकतात.

मोठ्यांनीही निदान वाचायला शिकावे. गुजराती अक्षरे शिरोरेघ नसलेल्या देवनागरीच्या जवळची आहेत. अंक मात्र फसवतात: गुजराती पाच आपल्या 'प' सारखा दिसतो. भाडेकरार गुजरातीत असेल तर तो कोणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. भाडे, अनामत, वाढीची टक्केवारी आणि घर सोडण्याची सूचना किती दिवसांची, हे चार मुद्दे बोटाने दाखवून विचारा.

आणि भाडे फारच कमी सांगितले तर कारण विचारा. वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचे पाणी २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात वस्त्यांत शिरले होते. तळमजल्याचे घर पाहताना घरमालकाला नको, खालच्या दुकानदाराला विचारा की ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी कुठवर आले होते. भिजलेला फ्रिज, गाद्या आणि पुस्तके भाड्यातून वाचलेल्या रकमेतूनच भरावी लागतात.

गाडी नेणार असाल तर, दुसऱ्या राज्यात ती बारा महिन्यांहून जास्त ठेवल्यास तिथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, नव्या राज्यात कर भरावा लागतो, आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा अर्ज करून मागावा लागतो. जुन्या स्कूटरसाठी ही यातायात परवडत नसेल, तर ती विकून तिकडेच जुनी घेणे बरे.

पतसंस्थेतल्या ठेवींकडे निघण्याआधी पाहा. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला ते नाही. शाखा घराजवळ असताना निदान येता-जाता चौकशी होते. चारशे किलोमीटरवरून तेवढीही होत नाही. मुदत संपेल तसे पैसे बँकेत किंवा पोस्टात आणा. भिशीतला आपला नंबर लागून गेला असेल तरी उरलेले हप्ते प्रामाणिकपणे पूर्ण करा, आणि नव्या गल्लीत पहिल्या वर्षी कोणत्याही भिशीत शिरू नका. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, तसे तुम्हीही कोणाला ओळखत नाही.

शक्य असेल तर आधी एकानेच जावे, खोली घेऊन दोन महिने राहावे आणि रोजचा खर्च वहीत लिहावा. मे किंवा जुलैमध्ये राहिलात तर ऊन आणि पाऊस दोन्हींची कल्पना येईल. पहिल्या वर्षात तिथे घर विकत घेऊ नका, इथले असल्यास विकू नका. निघताना नव्या शहरातला तीन महिन्यांचा खर्च, आपल्या उदाहरणात सुमारे ९५,००० रुपये, बचत खात्यात असू द्या.

सराव : वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे आजच्या शहरातली मिळकत आणि खर्च, उजवीकडे नव्या शहरातला. उजवीकडच्या पगाराचा आकडा नेमणूकपत्रावरून घ्या, ऐकीव नको. खाली हलण्याचा खर्च लिहून त्याला दरमहा वाढणाऱ्या बचतीने भागा. उत्तर चोवीस महिन्यांपेक्षा जास्त आले, तर पगाराबद्दल पुन्हा एकदा बोलणी करून पाहा आणि तोवर टेम्पोवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.