न सुटलेले जहाज



गेल्या महिन्यात धर्मग्रामातील एक तरुण आम्हाला भेटायला आला (त्याच्या परवानगीने हे लिहीत आहोत). सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश. "फादर, माझी मेहनत कुठे कमी पडली?" त्याने विचारले. आम्ही झटकन सांगून टाकले, "जिद्द सोडू नकोस, अजून जोर लाव." तो मान हलवून निघून गेला. रात्री आमचे आम्हालाच वाटले, की उत्तर दिले खरे, पण त्याच्या प्रश्नाला नाही.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्याइतका जिद्दी माणूस विरळाच. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत त्यांचा पाय मोडला. वेडेवाकडे जुळलेले हाड दिसू नये म्हणून भुलीशिवाय ते कापून घेतले! पुढे तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात शाळकरी मुलांबरोबर लॅटिनचे धडे गिरवले. त्यांच्या मनात एकच ध्यास होता, येरुशलेम. १५२३ साली ते तेथे पोहोचलेही. पण तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही.

तरी ध्यास सुटला नाही. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी व सहा सोबत्यांनी पुन्हा येरुशलेमला जाण्याचे व्रत घेतले. मात्र त्यातच एक अट घातली: व्हेनिसमध्ये वर्षभर जहाजाची वाट पाहू, नाहीच जमले तर पोपमहोदय पाठवतील तेथे जाऊ. १५३७ साली तुर्कांशी युद्ध पेटले आणि यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. यात कुणाची मेहनत कमी पडली? सगळे रोमला गेले.

मनाचा मोठेपणा माणसाला थोर कामाकडे ढकलतो, नम्रता आवाक्याबाहेर धावणाऱ्या मनाला आवरते, आणि हे दोन्ही सद्गुण एकत्र नांदतात, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते!

त्या सहा सोबत्यांत संत फ्रान्सिस झेवियर होते. हिंदुस्थानासाठी आधी निवड झाली होती ती बोबादिया यांची. ते आजारी पडले, म्हणून झेवियर निघाले आणि १५४२ साली गोव्यात उतरले.

तो तरुण येत्या रविवारी मिस्सेनंतर पुन्हा येणार आहे. या वेळी आईवडिलांनाही घेऊन ये, असे आम्ही कळवले आहे. आणखी किती वेळा परीक्षेला बसायचे, आणि नाहीच जमले तर पुढे काय, हे फॉर्म भरण्याआधी चौघांनी बसून कागदावर लिहायचे ठरले आहे.