मोहोर खुडण्याची वर्षे

उद्योजकतेवरील व्याख्यानांत चिनी बांबूची एक गोष्ट हमखास सांगितली जाते: बी पेरल्यावर चार वर्षे जमिनीवर काहीच दिसत नाही आणि पाचव्या वर्षी बांबू काही आठवड्यांत आभाळाला भिडतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट खरी नाही. बांबूचे बी काही आठवड्यांतच उगवते आणि पहिल्या वर्षापासून त्याला बारीक काड्या येतात. मात्र कोंब ज्या जाडीचा जमिनीतून निघतो त्याच जाडीचा तो अखेरपर्यंत राहत असल्यामुळे, भूमिगत कंद पसरून पुढचे कोंब जाड यावेत यासाठी शेतकरी तोडणीपूर्वी चार-पाच वर्षे थांबतो. दहावी-बारावीनंतर मुलाने छोटा उद्योग काढायचे ठरवले की धास्तावणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा, कारण दंतकथा डोळे मिटून विश्वास ठेवायला सांगते, तर खऱ्या बेटात दरवर्षी मोजून पाहण्याजोगे काहीतरी वर येतच असते.

याच विषयाचा अधिक बारकाईने अभ्यास करायचा असेल, तर कोकणातील हापूसच्या कलमाकडे वळावे. कोयीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपाला, म्हणजे खुंटाला, जातिवंत हापूसच्या झाडावरील फांदीचा तुकडा, म्हणजे कलमकाडी, पाचर पद्धतीने जोडून जे रोप तयार होते त्याला कोय कलम म्हणतात. अशा कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर येऊ शकतो, आणि जाणता बागायतदार तो निष्ठुरपणे खुडून टाकतो, कारण त्या वयात धरलेली चार फळे झाडाच्या मुळांची आणि फांद्यांची वाढ खाऊन टाकतात. जोडाखालून, म्हणजे खुंटातून, येणारी फूटही त्याला वेळोवेळी काढावी लागते. ती जोमदार आणि हिरवीगार दिसते खरी, पण तिला वाढू दिले तर वरचा हापूस मागे पडतो आणि हाती रायवळ आंबा उरतो.

नव्या व्यवसायातील बहुतेक चुका या दोन कामांच्या आळसातून होतात, असे म्हणण्यास हरकत नाही. पहिल्या हंगामात हाती आलेला नफा घरखर्चात किंवा नव्या मोटारसायकलीत घालवणे म्हणजे कोवळ्या कलमावर फळ धरणे होय. आणि आमसूल, आंबापोळी, कोकम सरबत असे पदार्थ बनवण्यासाठी काढलेल्या उद्योगात, ओळखीच्या माणसाने सांगितले म्हणून मंडप-खुर्च्या भाड्याने देण्याचे काम अंगावर घेणे ही जोडाखालची फूट होय. फळप्रक्रियेच्या धंद्यात तर पैशाचे गणित अधिकच कडक असते. आंबा उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत रोखीने विकत घ्यावा लागतो, माल मात्र वर्षभर थोडाथोडा खपतो, आणि दुकानदाराकडून वसुली त्याहूनही उशिरा होते. हा मधला काळ निभावून नेणाऱ्या रकमेला खेळते भांडवल म्हणतात. यंत्रे घेण्यात सगळी पुंजी संपवून या रकमेची तजवीज न करणारा उद्योग, मालाला मागणी असतानाही बंद पडू शकतो.

मग फळ नसलेल्या वर्षांत पोट कशावर भरायचे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही बागेतच आहे. पारंपरिक लागवडीत दोन कलमांत सुमारे 10 मीटर अंतर असते, आणि झाडे लहान असेपर्यंत त्या मोकळ्या जागेत भाजीपाला किंवा कडधान्य घेतले जाते. या आंतरपिकासारखी एखादी अर्धवेळ नोकरी किंवा शिकवणी पहिली काही वर्षे चालू ठेवण्यात कमीपणा नाही. शासकीय योजनांनाही या संथपणाची जाणीव असते. 2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळते, परंतु ते उद्योजकाच्या हाती न देता बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीच्या रूपात राखले जाते आणि उद्योग चालू असल्याची खातरजमा झाल्यावर कर्जात वळते केले जाते. अनुदानाच्या आशेने उद्योग काढणाऱ्याने ही अट आधीच वाचलेली बरी.

हापूसचा आणखी एक स्वभाव आहे: एक वर्ष भरघोस फळ दिले की पुढच्या वर्षी तो बहुधा हात आखडता घेतो. म्हणून एका वाईट वर्षावरून मुलाला नोकरीच्या अर्जांकडे ढकलणे जसे घाईचे, तसेच एका चांगल्या वर्षाच्या जोरावर मोठे कर्ज काढणेही घाईचे. दुसऱ्या वर्षाअखेर पालकांनी नफा विचारण्याऐवजी, जुन्या गिऱ्हाइकांपैकी किती जण परत आले, हिशेबाची वही रोज लिहिली जाते का आणि उधारी किती थकली, हे विचारावे.

अर्थात धीरालाही मुदत असते. कोय कलम केल्यावर साधारण महिनाभरात कलमकाडीचा डोळा फुटला नाही आणि काडी सुकून काळी पडली, तर रोपवाटिकेतला माळी ती पिशवी बाजूला काढतो, तिला पुढची चार वर्षे पाणी घालत बसत नाही. ज्या मालाला ओळखीपाळखीबाहेरचे एकही गिऱ्हाईक वर्षभरात दुसऱ्यांदा आलेले नाही, त्याच्या बाबतीत जागा, माल किंवा भाव यांपैकी काय बदलायचे हे त्याच वर्षी ठरवावे, आणि बदलूनही डोळा फुटला नाही तर उरलेले भांडवल शाबूत असतानाच दुसरे कलम बांधावे.