हिरॉईनची जागा मिळाली नाही, म्हणून काय झालं? सोलापूरच्या शशिकलाबाईंकडून धंद्याचे ३ धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

वळसंगच्या आपल्या वर्गात एका ताईंनी विचारलं, "सर, मी ब्लाऊज शिवते. पण सोलापूर इथून जवळ. तिथली मोठी दुकानं सोडून माझ्याकडे कोण येणार? मशीन विकून टाकू का?"

मी म्हटलं, "ताई, मशीन नंतर विका. आधी शशिकला यांची गोष्ट ऐका."

जुन्या हिंदी सिनेमातली भांडकुदळ, कारस्थानी बाई म्हटलं की जो चेहरा डोळ्यासमोर येतो, त्या शशिकला. माहेरचं आडनाव जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२, आपल्याच सोलापूरचा. वडिलांचा कापडाचा धंदा चांगला चालला होता. त्यांनी धाकट्या भावाला शिकायला विलायतेला पाठवलं आणि कमाईचा मोठा भाग तिकडे जात राहिला. भाऊ शिकला, नोकरीला लागला, पण घराला विसरला. इकडे धंदा बुडाला आणि घर रस्त्यावर आलं.

धडा १ : धंद्यातला पैसा काढताना मोजून काढा.
भावाला शिकवणं चूक नाही. पण माल भरायचा पैसा आणि घरचा पैसा एकाच गल्ल्यात असला, की किती गेला ते कळतच नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दोन खाती ठेवा. धंद्यातून घरासाठी दरमहा ठरलेली रक्कमच घ्या.

पुढे हे कुटुंब मुंबईला गेलं. शशिकला लहानपणापासून जिल्ह्यातल्या गावांमधून नाचत-गात होत्या, तेवढंच भांडवल. काम मागत स्टुडिओ पालथे घातले. नूरजहाँ यांची नजर पडली आणि १९४५ च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत बसायला मिळालं. वय जेमतेम तेरा. नंतर छोटी-मोठी कामं. १९५३ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'तीन बत्ती चार रास्ता', १९५९ मध्ये बिमल रॉय यांचा 'सुजाता'. त्यात त्या मनाने चांगल्या बहिणीच्या भूमिकेत होत्या. काम चांगलं, पण सिनेमा नूतन यांचा.

मग १९६२ मध्ये 'आरती' आला. मीनाकुमारी नायिका, आणि शशिकला घरात काड्या लावणारी बाई. असं काम करायला धीर लागतो, कारण लोक पडद्यावरचा राग खऱ्या माणसावर काढतात. त्यांनी ते जीव ओतून केलं आणि सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळवलं. पुढच्याच वर्षी 'गुमराह'मध्ये ब्लॅकमेल करणारी बाई साकारली आणि पुन्हा फिल्मफेअर!

धडा २ : गर्दीच्या जागेसाठी भांडण्यापेक्षा रिकामी जागा शोधा.
हिरॉईन व्हायला रांग होती. जे काम करायला फारसं कुणी तयार नव्हतं, ते शशिकला यांनी असं केलं की निर्माते तेच काम घेऊन दारात आले. पण घाई करू नका. 'झीनत' ते 'आरती' हा प्रवास १७ वर्षांचा आहे. आपण दुकान टाकून सहा महिन्यांत वैतागतो.

धडा ३ : ओळख झाली, तरी तिच्यात अडकू नका.
'खलनायिका' असा शिक्का बसल्यावरही १९६६ च्या 'अनुपमा'त त्यांनी हसरी, बडबडी मुलगी केली. पुढे वय वाढलं तशा आई-आजीच्या भूमिका घेतल्या, टीव्ही मालिकाही केल्या. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या, तेव्हा वय होतं ८८. एकच गिऱ्हाईक, एकच माल, एकच हंगाम यावर धंदा उभा असेल, तर आजच दुसरा टेकू शोधा.

आता त्या ताईंकडे येऊ. मी विचारलं, "लोक कुठलं काम घेऊन येतात, जे तुम्ही परत पाठवता?"

त्या म्हणाल्या, "अल्टरचं. रेडिमेड ब्लाऊज ढिला झाला, जुना घट्ट झाला, उद्या लग्न आहे, आजच करून द्या म्हणतात. ते काय काम आहे का सर? उसवत बसायचं नुसतं."

"ताई, हीच तुमची 'आरती'!"

वर्ग हसला. पण ताई हसल्या नाहीत, विचारात पडल्या. तासाभराच्या कामासाठी दिवस मोडून सोलापूरला कोण जाईल? ठरलं असं : बाहेर पाटी लावायची, 'अल्टर त्याच दिवशी', दर पाटीवरच लिहायचे आणि तीन महिने रोजचा हिशोब ठेवायचा. मशीन ठेवायचं की विकायचं, ते हा हिशोब सांगेल. मी नाही आणि शेजारीपाजारीही नाहीत.

तुमचा गृहपाठ : वहीत तीन रकाने आखा.
१. गेल्या महिन्यात मी कुठलं काम नाकारलं?
२. ते आसपास दुसरं कुणी करतं का?
३. त्याला किती वेळ लागतो आणि हातात किती पैसे राहतात?

पंधरा दिवस रोज रात्री गल्ला मोजताना भरा. ज्या कामापुढे दुसऱ्या रकान्यात 'नाही' आणि तिसऱ्यात बरा आकडा येईल, तिथून सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही भरलेली हवी बरं का!