बर्फाखालची दीर्घ निद्रा

प्रस्तावना

अंगणात शेपटी उडवीत धावणारी खार आपण सर्वांनी पाहिली आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही खारीच्याच कुळातला. या दोघांचे बरेचसे आयुष्य झाडांच्या आधाराने जाते. मात्र याच कुळातील काही खारी जमिनीत बिळे करून राहतात. त्यांना ‘भूचर खारी’ म्हणतात. अलास्का, उत्तर कॅनडा आणि सायबेरियाचा ईशान्य भाग येथे राहणाऱ्या आर्क्टिक भूचर खारीचा परिचय या पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• आर्क्टिक खारीची जीवनपद्धती सांगू शकाल;
• शीतनिद्रा म्हणजे काय, हे स्पष्ट करू शकाल;
• हवामानबदलाचा या प्राण्यावर होणारा परिणाम समजून घेऊ शकाल.

मूळ पाठ

टुंड्रा प्रदेशात मोठी झाडे नाहीत. तेथे उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा असतो. एवढ्या अल्प काळात या खारीला पिल्ले वाढवायची असतात आणि हिवाळ्यासाठी अंगात चरबीही साठवायची असते. गवत, पाने, फुले, बिया, कंदमुळे असे जे मिळेल ते ती खाते. कोल्हा, अस्वल, गरुड हे तिचे शत्रू. धोका दिसताच ती ‘सिक्-सिक्’ असा आवाज काढते. या आवाजावरूनच तेथील इन्युइट लोकांनी तिला ‘सिकसिक’ हे नाव दिले.

थंडीपासून बचाव करण्यासाठी शीतनिद्रा घेणारे अनेक प्राणी जमिनीत खोलवर जातात. या खारीला तो मार्गही मोकळा नाही. वरची थोडी माती सोडली, तर तेथील जमीन बारमाही गोठलेली असते. त्यामुळे बीळ फार तर एक मीटर खोल जाते. हिवाळ्यात बिळाभोवतालची मातीही गोठते. अशा बिछान्यात ही खार सात ते आठ महिने झोपून काढते.

या काळात तिचा श्वास आणि हृदयाचे ठोके अत्यंत मंद होतात. १९८९ मध्ये ब्रायन बार्न्स या शास्त्रज्ञाने अलास्कातील संशोधनातून एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. निद्रेत या खारीच्या पोटातील तापमान उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, तरीही तिच्या शरीरात बर्फ होत नाही. द्रव पदार्थ गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहतो, या अवस्थेला अतिशीतन म्हणतात.

ही झोप अखंड मात्र नसते. दर दोन-तीन आठवड्यांनी चरबी जाळून, अंग थरथरवून खार आपले शरीर पुन्हा सुमारे ३६ अंशांपर्यंत तापवते आणि एक दिवसही पुरा होण्याआधी पुन्हा थंड होऊ लागते. साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा या जागे होण्यातच खर्ची पडतो. मग ही उधळपट्टी कशासाठी? भूचर खारींच्या मेंदूतील पेशींचे धागे गाढ निद्रेत आखडतात आणि या उबदार तासांत पुन्हा वाढतात, असे अभ्यासात आढळले आहे. म्हणजे शरीर वाचवण्यासाठी झोप हवी आणि मेंदू वाचवण्यासाठी जाग हवी.

वसंतात नर आधी जागा होतो. बिळात साठवलेले अन्न खाऊन तो काही आठवडे प्रजननाची तयारी करतो. मादी नंतर बाहेर येते. हा मेळ आता डळमळू लागला आहे. उत्तर अलास्कातील २५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन उशिरा गोठू लागल्याने माद्या पूर्वीपेक्षा सुमारे दहा दिवस लवकर जाग्या होतात. नरांची वेळ मात्र बदललेली नाही. हे अंतर असेच घटत गेले, तर मादी बाहेर येईल तेव्हा नर तयार नसेल.

उणे तापमानावर मात करणाऱ्या या इवल्या जीवासमोर आज वाढत्या उबेचे आव्हान उभे आहे.

शब्दार्थ

शीतनिद्रा – थंडीच्या काळातील प्राण्यांची दीर्घ निश्चल अवस्था
बारमाही – वर्षभर
विलक्षण – आश्चर्यकारक
प्रजनन – संतती निर्माण करणे

स्वाध्याय

१. आर्क्टिक खार खोल बीळ का करू शकत नाही?
२. ‘शरीर वाचवण्यासाठी झोप हवी आणि मेंदू वाचवण्यासाठी जाग हवी’ हे विधान स्पष्ट करा.
३. माद्या लवकर जाग्या झाल्याने कोणती अडचण उद्भवू शकते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या प्राण्याच्या ऋतूनुसार बदलणाऱ्या सवयींचे निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.