गॅस भरण्यापलीकडचं शिक्षण

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड मी बरीच वर्षं शिकवतो आहे. एवढ्या काळात आमच्या वर्कशॉपमधले सिलिंडर बदलत गेले. आधी आर-१२, मग आर-२२ आणि आर-१३४ए, आता आर-३२, आर-६००ए, आर-२९०. या बदलांमधून मुलांना नेताना जे पटत गेलं, ते लिहितो.

१. यंत्राआधी चक्र शिकवावं. दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं, हे ज्याला मुळातून कळलं तो कुठलाही नवा गॅस तक्त्यावरून समजून घेतो. सक्शनला साठ-सत्तर पीएसआय हवा, एवढंच पाठ केलेला मुलगा आर-३२ च्या एसीवरही तोच आकडा शोधत बसतो. आर-३२ चा दाब मात्र आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो.

२. गॅस हवेत सोडायचा नाही, ही सवय पहिल्या महिन्यात लागली तरच लागते. आर-१२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर बंधनं आणली आणि २०१० पासून तो भारतात बंद झाला. आर-२२ ची मुदत २०३० पर्यंत. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तो एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-३२ चा आकडा ६७५ किलो, आर-२९० चा नगण्य. २०१६ चा किगाली करार याच हिशेबावर उभा आहे. हे आकडे फळ्यावर लिहून मुलं हलत नाहीत. रिकव्हरी मशीनने जुन्या एसीतला गॅस काढून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि त्या वजनाचा गुणाकार त्यांनी स्वतः केला, की वर्ग शांत होतो. त्यानंतर नट सैल करून गॅस उडवून द्यायला त्यांचा हात धजत नाही.

३. निसर्गाला सौम्य असलेला गॅस कारागिराकडून जास्त शिस्त मागतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनसोबत तोच असतो. घरगुती फ्रिजमधला आर-६००ए हाही पेट घेणारा. म्हणून टॉर्च पेटवण्याआधी लाइन रिकामी करायची, नायट्रोजन फिरवायचा, खिडक्या उघडायच्या. लीक तपासायला ऑक्सिजन कधीही भरायचा नाही; कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. या बाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही, हुशार मुलाला तर मुळीच नाही.

४. इन्व्हर्टर एसी आले आणि ‘पीसीबी गेला, बदला’ हे वाक्य सर्रास ऐकू येऊ लागलं. पुष्कळदा बिघाड एखाद्या सेन्सरमध्ये किंवा सैल कनेक्टरमध्ये असतो. मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून तो कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिला, तर अख्खा बोर्ड भंगारात जात नाही. शाश्वत विकास हा शब्द अभ्यासक्रमात आहेच. माझ्या मते त्याची खरी परीक्षा इथे होते.

५. बाजारात काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रींना वगळून हा बदल होणार नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचे छोटे वर्ग हवेत, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरीही धरायला हवी.

६. चांगलं काम शिकलेला मुलगाही गिऱ्हाइकाच्या घाईपुढे हरतो. लीक शोधणं, व्हॅक्यूम पंप लावून ओल काढणं, काट्यावर तोलून गॅस भरणं, याला वेळ लागतो. नुसता गॅस भरून जाणारा स्वस्त पडतो, म्हणून त्यालाच बोलावलं जातं. तेव्हा पुढच्या वेळी एसीचा गॅस कमी झाला असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा: लीक कुठे आहे? तो शोधायला वेळ लागेल असं तो म्हणाला, तर त्याला तो वेळ द्या, आणि त्या वेळाचे पैसेही द्या.